प्रति पिंप

त्या दिवशी सकाळी अंदाजरावांनी बायकोची उघडी बॅग स्वतःच्या हातांनी मिटली. पिंप त्यानंतर आलं. लोक सांगताना आधी पिंपाचं सांगतात आणि पोट धरून हसतात, पण सुरुवात बॅगेपासून आहे, हे लक्षात असू द्या.

अंदाजराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते विमा कंपनीच्या जोखीम विभागात होते. कोणाचं गोदाम जळेल, कोणाची गाडी आपटेल याचे अंदाज दिवसभर कागदावर मांडायचे आणि जे उरतील ते संध्याकाळी जिन्यात वाटायचे, असा त्यांचा क्रम होता. ते अंदाज खरे ठरत असं मुळीच नाही. पण सांगताना ते डोळे अर्धवट मिटून, लांब कुठेतरी बघत इतक्या शांतपणे सांगत, की अंदाज चुकला तर ऐकणाऱ्याला चूक जगाची वाटे. इमारतीत कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते त्यांना असं बसलं की पुढे त्यांच्या बायकोलाही सगळे ‘अंदाजवहिनी’ म्हणू लागले. त्या बिचाऱ्या आयुष्यात कधी कशाचा अंदाज करायला गेल्या नव्हत्या.

तर त्या सकाळी टीव्हीवर टाय लावलेला एक गृहस्थ फार दुःखी होता. कच्चं तेल प्रति पिंप पुन्हा भडकलं होतं. दोन बड्या देशांचं बिनसलं होतं. तू माझ्या यंत्रांवर कर लावलास ना, मग मी तुझ्या फळांवर लावतो, असं चाललं होतं. कुठल्याशा सामुद्रधुनीच्या तोंडाशी तेलाची जहाजं खोळंबून उभी होती. शेअर बाजाराचा लाल बाण पडद्याच्या तळाला टेकला होता आणि गृहस्थ म्हणत होता, ही मंदीची चाहूल आहे.

“मंदी,” अंदाजराव हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे ती जहाजं आली. धुक्यात उभी, दिवे लावलेली, कोणाच्या तरी निरोपाची वाट बघणारी. त्यांच्या हातातला चहा निवत गेला.

त्याच वेळी मागे खाटेवर वहिनी बॅग भरत होत्या. हलके कपडे, उन्हाची टोपी, आणि धुऊन पुसून घेतलेली एक रिकामी काचेची बरणी. बरणी वाळू आणायला होती. वहिनींनी समुद्र पाहिला नव्हता. लग्न ठरलं तेव्हा अंदाजरावांनी आपण होऊन कबूल केलं होतं की पहिल्याच वर्षी समुद्र दाखवीन. मग पहिल्या वर्षी निवडणूक आली. पुढे एकदा कुठेतरी युद्ध झालं. एका वर्षी बाजार फार वर होता, आणि एवढ्या वरचा बाजार असा उघड्यावर टाकून जाणं बरं नव्हे म्हणून राहिलं. पुढच्या वर्षी तो खाली होता. लेक जन्मली, कॉलेजात गेली, वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आली, आणि समुद्र होता तिथेच राहिला. या खेपेला मात्र वहिनींनी किनाऱ्यावरच्या एका घरगुती लॉजमध्ये खोलीसुद्धा सांगून ठेवली होती.

अंदाजराव उठले, खाटेपाशी गेले आणि त्यांनी बॅगेची चेन ओढली.

“पुढच्या वर्षी बघू,” ते म्हणाले. “जग जरा थाऱ्यावर येऊ दे.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या.

संसारात ‘बरं’ इतका धोक्याचा शब्द दुसरा नाही. जोखीम विभागात त्यासाठी वेगळा तक्ता हवा होता, पण तो कोणी केलेला नाही. वहिनींनी आदळआपट केली नाही, डोळ्यांना पदरही लावला नाही. त्यांनी फक्त बॅगेची चेन पुन्हा उघडली, बॅग तशीच खिडकीखाली नेऊन ठेवली आणि त्या कुकर लावायला गेल्या. त्या दिवसापासून घरातली माणसं बॅगेला वळसा घालून ये-जा करू लागली.

अंदाजरावांना हे लागलं. आपण घराच्या भल्यासाठी दूरदृष्टी दाखवावी आणि घराने ती खिडकीखाली उघडी टाकावी! आता आपली दूरदृष्टी सिद्ध करणं भाग होतं. ऑफिसातून परतताना बसच्या खिडकीला डोकं टेकून ते पेंगत होते. बस एका लयीत हलत होती, आणि त्या लयीत टायवाल्याचे शब्द त्यांच्या कानात घोळू लागले. प्रति पिंप. प्रति पिंप. प्रति पिंप. आणि एकदम त्यांचे डोळे उघडले.

सगळं जग तेलाच्या मागे धावतंय. पिंपाचा विचार कोणी केलाय का? तेल चढलं तरी पिंपातूनच चढणार, उतरलं तरी पिंपातूनच उतरणार. युद्ध होवो, कर लागो, मंदी येवो, पिंपाला मरण नाही. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं आपण ऐकली आहेत. अंदाजरावांनी तो पिंपावरून गाठला आणि तिथून खाली बघत ते दोन थांबे पुढे जाऊन उतरले.

भंगार बाजारात पिंपांची उतरंड होती. दुकानदार स्टुलावर पेपर वाचत बसला होता.

“पाणी भरायला हवंय?” त्याने विचारलं.

“गुंतवणूक,” अंदाजराव म्हणाले.

दुकानदार बारा गावचं पाणी प्यालेला होता. पापणीही न हलवता त्याने एका निळ्या पिंपावर थाप मारली. आतून खोल, गोड आवाज आला.

“यात कच्चं तेल असायचं ना?”

“साबणाचं पाणी असायचं. खोटं कशाला बोलू?”

अंदाजरावांनी क्षणभर विचार केला आणि ठरवलं की पिंपाला पूर्वचरित्र नसतं.

पिंप हातगाडीवरून आलं तोवर सगळं सुरळीत होतं. पहिल्या जिन्याच्या वळणावर ते अडकलं. वर जाईना, खाली येईना. हातगाडीवाला “मला इथवरचंच सांगितलं होतं” असं म्हणून निघून गेला आणि इमारत गोळा झाली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, आडवं करा. वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे निवृत्त मास्तर म्हणाले, आडवं तर आहेच, उभं करा. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, कठड्याला साबण लावा. मास्तर कठड्यावर बसून हात न लावता पिंपाला दिशा देत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते अंदाजरावांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. ऑफिसातून परतलेली माणसं बॅगा डोक्यावर धरून पिंपावरून पलीकडे उतरत होती आणि उतरताना प्रत्येकजण “कशाला आणलं?” असं विचारत होता. शेवटी वहिनी खाली आल्या. त्यांनी पिंप जरा मागे घ्यायला लावलं, थोडं फिरवलं, आणि ते चालत गेल्यासारखं वर गेलं.

दारातून मात्र ते जाईना. दार बिजागऱ्यांवरून उतरवावं लागलं, आणि मग पिंप दिवाणखान्यात खिडकीखाली, उघड्या बॅगेच्या शेजारी उभं राहिलं. लेकीने त्याच्याभोवती एक फेरी मारली.

“बाबा, तेल पिंपात येत नाही.”

“म्हणजे?”

“जहाजातून येतं, नळांतून येतं. पिंप हे नुसतं मोजमाप आहे. बाजारात जे पिंप म्हणतात ना, ते तसं कुठे नसतंच.”

अंदाजरावांनी निळ्या पत्र्यावरून हात फिरवला. माणूस एवढ्याने खचला असता, पण ते अंदाजराव होते.

“नसतंच?” ते सावकाश म्हणाले. “मग तर हे आणखीनच दुर्मिळ झालं.”

दुसऱ्या दिवशी इमारतीत एकच विषय होता. अंदाजरावांनी तेल साठवलं! अंदाजराव भेटेल त्याला सांगत होते की पिंप रिकामं आहे. पण रिकामं पिंप दार उखडून घरात कोण घेईल? लोकांचा तर्क चोख होता. शिवाय माणूस जोखीम विभागातला. त्याला आतली बातमी असणारच, म्हणून तर ताकास तूर लागू देत नाही. सेक्रेटरींनी त्यांना जिन्यात बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, “माझ्यापुरतं एक कॅन जमेल का?” नाही म्हटल्यावर सेक्रेटरी दुखावले आणि थेट पेट्रोल पंपावर गेले. त्यांच्या मागे काकूंचे यजमान गेले. त्यांना कॅन घेऊन जाताना पाहून समोरची इमारत गेली, आणि समोरच्या इमारतीला पाहून सगळा रस्ता गेला. संध्याकाळपर्यंत पंपावर ‘पेट्रोल नाही’ अशी पाटी लागली.

त्या दिवशीच्या बातम्यांत टायवाला म्हणाला की इंधनटंचाईच्या धास्तीने नागरिकांनी पंपांवर गर्दी केली आहे, आणि पडद्यावर रांग दिसली. रांगेत पहिले सेक्रेटरी होते.

“बघ,” अंदाजराव वहिनींना म्हणाले. “मी म्हणालो नव्हतो?”

“बरं,” वहिनी म्हणाल्या.

मग अग्निशमन खात्याचा अधिकारी आला. तक्रार निनावी होती. म्हणजे काकूंची होती. अधिकाऱ्याने दार नसलेल्या दाराला टकटक केली, आत आला आणि बॅटरी लावून पिंपात डोकावला.

“यात काय आहे?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे किती?”

“म्हणजे… काहीच नाही.”

“नोंद करायचीय साहेब, आकडा लागतो.” अधिकारी कष्टी झाला. “यात तेल असतं तर सोपं होतं बघा. जप्त केलं असतं, पावती दिली असती. पेट्रोलचा परवाना आहे, रॉकेलचा आहे, रंगाचा आहे. रिकाम्याचा नाही.”

“मग परवान्याची गरजच नाही.”

“असं कसं? पिंप आहे ना!”

त्याने रिकामं असल्याचा दाखला आणायला सांगितलं. अंदाजराव रजा काढून खात्याच्या कार्यालयात गेले. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने जेवायच्या सुट्टीकडे. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “रिकामं आहे असं कोण म्हणतं?”

“मी म्हणतो.”

“मालकाचं म्हणणं आम्ही धरत नाही.”

अंदाजराव चरकले. हेच वाक्य ते स्वतः रोज लोकांना ऐकवत असत, अगदी ह्याच सुरात. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं याचा अंदाज मात्र त्यांनी कधी केला नव्हता. बाईंना त्यांचा चेहरा बघून दया आली असावी. “असं करा,” त्या म्हणाल्या, “त्याचा काहीतरी वापर दाखवा. वापरात असलं की ते घरातलं सामान. सामानाला दाखला लागत नाही.”

आता पिंपाचा वापर काय? धान्य ठेवावं तर साबणाचा वास. कपडे ठेवावेत तर वहिनी म्हणाल्या, “बॅगेतल्या कशालाही हात लावायचा नाही.” अंदाजराव दुपारभर पिंपापाशी खुर्ची टाकून विचार करत बसले. खिडकीतून ऊन आत येत होतं, रस्ता पेट्रोलअभावी गप्प झाला होता. एरवी कधी ऐकू न येणारी पाखरं ऐकू येत होती. विचार करता करता अंदाजरावांचं डोकं कलंडलं आणि कान पिंपाच्या कडेला टेकला.

आत समुद्र होता.

लांबून येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. अंदाजराव हललेसुद्धा नाहीत. डोळे मिटल्यावर त्यांना निळं पाणी दिसलं, खोळंबलेली जहाजं दिसली, आणि मग कोणाचा तरी निरोप आल्यासारखी ती एकेक करून चालू लागलेली दिसली. करवाले मंत्री डेकवर खुर्च्या टाकून बसले होते आणि कोणीच कोणाशी भांडत नव्हतं. टायवाल्याने टाय सोडून पाय पाण्यात सोडले होते. लाल बाण एका लाटेवर आडवा पडून झोपला होता. अंदाजरावांना इतकं बरं आयुष्यात वाटलं नव्हतं. दुसऱ्या दुपारी ते पुन्हा तसेच बसले, तिसऱ्या दुपारी उशी घेऊन बसले. आणि तेव्हा त्यांना उमगलं की वापर तर सापडलाय!

“अगं, ये ना जरा!” त्यांनी हाक मारली. “काय आणलंय ते बघ. तिकीट नको, पेट्रोल नको. घरबसल्या समुद्र!”

वहिनी ओले हात पुसत आल्या. त्या पिंपापाशी गुडघ्यांवर बसल्या, कानावरचे केस मागे सारले आणि पत्र्याला कान लावला. त्यांनी डोळे मिटले. खूप वेळ त्या तशाच राहिल्या. अंदाजराव परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखे उभे होते.

“तसाच आहे ना?” त्यांना राहवेना.

“मला कसं कळणार?” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत होती. “मी कुठे ऐकलाय?” मग डोळे उघडून त्यांनी सहज विचारलं, “तुम्ही ऐकलाय का हो कधी?”

अंदाजरावांनी तोंड उघडलं. ‘अंदाजे’ हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथून परत गेला. त्यांनीही समुद्र पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. समोर उघडी बॅग होती, तिच्यात कपड्यांच्या घडीवर ती रिकामी बरणी उन्हात चकाकत होती, आणि ही बाई एका पत्र्याच्या डब्याला कान लावून गुडघ्यांवर बसली होती, फक्त नवरा म्हणाला म्हणून.

“उद्या सकाळी निघू,” ते म्हणाले.

“आणि बाजार?”

शेजारच्या खोलीत टायवाला सांगत होता की आजची घसरण ही वर्षातली सर्वांत मोठी आहे.

“तो काय, आपण परत आल्यावरही असेल.”

घोडं अडलं ते सकाळी. गाडी होती, पेट्रोल स्वस्त झाल्यावर काढायची म्हणून ती बुरख्याखाली असे आणि रविवारी तिला नुसती पुसत. काटा शून्यावर झोपला होता, आणि पंपावर पाटी. आपणच पेरलेलं असं दारात उगवलेलं बघून अंदाजराव डोक्याला उन्हाची टोपी घालून इमारतीच्या पायरीवर बसले. वहिनी बॅगेवर बसल्या. या खेपेला त्या ‘बरं’सुद्धा म्हणाल्या नाहीत.

येणारे-जाणारे बघत होते. सेक्रेटरी दोनदा खोकले, वर गेले, आणि भाजीच्या पिशवीत काहीतरी लपवून खाली आले. पिशवीत कॅन होता.

“घरात सापडला,” ते भिंतीकडे बघत म्हणाले.

मग काकू आल्या. त्यांच्याकडे दोन सापडले. समोरच्या इमारतीतून आणखी आले. स्वयंपाकघरातून, पलंगाखालून, एक तर चक्क न्हाणीघरातून. मास्तर फनेल घेऊन आले आणि या खेपेला त्यांनी स्वतः धरलं. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. म्हणजे त्या आठवड्यात अख्ख्या इमारतीत पेट न घेणारी वस्तू एकच होती, आणि दाखला तिचाच मागत होते!

“जाऊन या वहिनी,” काकू गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाल्या. “पिंपाकडे मी बघते.” त्या कान लावून बघणार होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण पिंपात समुद्र ऐकू येतो असं लेक सकाळपासून जिन्यात सांगत फिरत होती. घरी राहून दार बसवून घेण्याचं कामही तिनेच अंगावर घेतलं होतं.

दुपार कलताना रस्ता एका चढावर चढला आणि पलीकडे जमीन संपली.

दोघं वाळूवर उतरली. पार लांब, पाणी आणि आभाळ मिळतात तिथे, एक तेलाचं जहाज उभं होतं. ते भरलेलं होतं की रिकामं, जात होतं की खोळंबलं होतं, हे काही कळत नव्हतं. अंदाजरावांच्या खिशात फोन थरथरला, बाजार बंद झाल्याची ती वेळ होती. त्यांनी तो काढला नाही. वहिनींनी चपला काढून बरणीशेजारी ठेवल्या, पाण्यापर्यंत गेल्या आणि पिंपापाशी मिटले होते तसेच डोळे मिटून उभ्या राहिल्या.

“कसा आहे?” अंदाजरावांनी मागून विचारलं.

“पिंपातला लांब होता,” वहिनी म्हणाल्या.

एक लाट आली, त्यांच्या घोट्यांवरून गेली आणि परत फिरली. पाठोपाठ आलेल्या लाटेने अंदाजरावांचे बूट भिजवले. ते मागे सरले नाहीत.

“उद्याही असाच असेल का हो?” वहिनींनी विचारलं.

अंदाजरावांनी डोळे अर्धवट मिटले, लांब जहाजाकडे बघितलं. सवयीने जीभ टाळूला लागली. मग त्यांनी डोळे पूर्ण उघडले.

“काय माहीत,” ते म्हणाले. “उद्या येऊन बघू.”